वेंकीज आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स: पुण्यातून एवढा पैसा गेला, तरी समर्थक का चिडलेत?

बालेवाडी_पूर्व

पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या वेंकीजने, नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. त्या वेळी मी कॉलेजात होतो. प्रीमियर लीगमधला एक क्लब आपल्या गावच्या माणसांचा झाला, ह्या आनंदात आमच्या कट्ट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

ऑक्टोबर २०११ मध्ये तो संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. मी गेलो होतो. अर्धा निळा, अर्धा पांढरा असा तो शर्ट टीव्हीवर बघितलेला, आता पन्नास फुटांवर. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला विचारत होते, "ह्यातले आपले कोणते रे?" नातू म्हणाला, "दोन्ही आपलेच." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. मे २०१७ मध्ये आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या स्तरावर गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. एका वर्षात तो दुसऱ्या स्तरावर परत आला आणि तेव्हापासून तिथेच आहे. ह्या काळात मालकांनी तोटा भरायला २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातली आहे, आणि तरीही क्लबच्या इवूड पार्क मैदानावर 'वेंकीज आउट'च्या घोषणा थांबलेल्या नाहीत.

मालकांनी क्लब लुटला असं कुणी म्हणत नाही, पैसा त्यांच्याच खिशातून गेलाय. तरीही त्यांच्या आर्थिक कारभाराला दोष देणं रास्त आहे का? मला वाटतं आहे. पण मी पुण्यात बसून बोलतोय. तिथे राहणारे, हिशेब कळणारे, दुसऱ्या क्लबांचे चाहते, सगळ्यांनी लिहा. कोंबडीवरचे विनोद मात्र कृपया नकोत, पंधरा वर्षांत सगळे करून झालेत.

रोखठोक

अजिबात रास्त नाही. पैसा मालकाचा, तोटा मालकाचा, आणि शिव्याही मालकालाच? शेफिल्ड वेन्सडेचं काय झालं ते आत्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये बघितलंत ना? मालकाकडून पैसा येईना, पगार थकले, क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि १२ गुण कापले गेले. ब्लॅकबर्नच्या लोकांनी पुण्याच्या दिशेने हात जोडायला हवेत.

ओल्डट्रॅफर्ड_नाशिक

मी मँचेस्टर युनायटेडचा. आमच्याकडे ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर चढवलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे आम्हाला विकत घेण्याचा खर्च आम्हीच तिकिटांतून फेडत बसलो. २०१० मध्ये लोक हिरवे-सोनेरी मफलर घालून मैदानात यायला लागले. ते न्यूटन हीथचे रंग, म्हणजे क्लबचं जुनं नाव होतं तेव्हाचे. काही जणांनी तर २००५ मध्येच बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला.

तेव्हा रोखठोक, तुमचं थोडं पटतं. पैसा घालणारा मालक आणि पैसा काढणारा मालक एका तराजूत तोलू नयेत.

रोखठोक

+१. तेच म्हणतोय.

ताळेबंद

व्यवसायाने सीए आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पैसा घातला की काढला हा पहिला प्रश्न. घातलेल्या पैशातून काय उभं राहिलं हा दुसरा, आणि ब्लॅकबर्नची अडचण तिथे आहे.

इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, अनेक क्लबांचा निव्वळ पगारखर्चच एकूण उत्पन्नाएवढा किंवा त्याहून जास्त असतो. प्रीमियर लीगमध्ये गेलं की टीव्हीचा पैसा धो धो मिळतो, म्हणून सगळेच ऐपतीबाहेर खर्च करून वर चढायला बघतात. तूट मालक भरतो. रोव्हर्सच्या बाबतीत ही तूट साधारण दीड-दोन कोटी पौंड वर्षाला. वेंकीजने ती कर्ज म्हणून दिली आणि त्यातला बराच भाग पुढे भागभांडवलात वळवला. इथवर मालकांना पूर्ण गुण.

आता २०१२-१३ चा हंगाम बघा. खाली आल्यावर पहिली काही वर्षं प्रीमियर लीगकडून आधाराची रक्कम मिळते, त्याला पॅराशूट म्हणतात. क्लबची घडी बसवायची ती हीच वेळ. त्या एका हंगामात रोव्हर्सने स्टीव्ह कीन, हेनिंग बर्ग आणि मायकेल ॲपलटन असे तीन मुख्य प्रशिक्षक बघितले. बर्ग ५७ दिवस, ॲपलटन ६७ दिवस. बर्गला उरलेल्या कराराची भरपाई द्यायची की नाही ह्यावर प्रकरण न्यायालयात गेलं आणि क्लबला सुमारे २२.५ लाख पौंड मोजावे लागले. जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पौंडांना आणलं, त्याने गोल भरपूर केले, तो खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण भोवतीचा पगाराचा डोंगर उपसता आला नाही. शेवटी नियमापेक्षा जास्त तोटा झाला म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये नवे खेळाडू घेण्यावर लीगने बंदी घातली.

मालकाने भरलेल्या रकमेतला मोठा वाटा अशा चुका निस्तरण्यात गेला. माझ्या अशिलाने सलग दहा वर्षं तोटा भरला आणि दर वर्षी कारण तेच निघालं, तर "तुम्ही फार उदार आहात" असं मी त्याला सांगणार नाही.

प्रश्नचिन्ह

तोट्याची मर्यादा किती असते?

ताळेबंद

@प्रश्नचिन्ह, चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून ३.९ कोटी पौंड, तेही मालक भांडवल घालायला तयार असेल तर. अकादमी, महिला संघ, मैदानाची बांधकामं ह्यांवरचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे भविष्यासाठी खर्च केलात तर नियम आडवा येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लँकेशायरची_सून

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माहेर सातारा, गेली सोळा वर्षं ब्लॅकबर्नपासून वीस मिनिटांवर राहते. सासरे जन्मापासून रोव्हर्सचे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्याशी बोलायला विषय मिळेना, म्हणून त्यांच्याबरोबर सामन्याला जायला लागले आणि अडकले ती अडकलेच.

हा क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांतला एक. गाव लहान, कापडगिरण्यांचं, गिरण्या कधीच्या बंद पडलेल्या. इचलकरंजी किंवा गिरणगाव डोळ्यासमोर आणा. पोलादाच्या धंद्यात कमावलेले जॅक वॉकर ह्याच गावचे, लहानपणापासून रोव्हर्सचे. त्यांनी पैसा ओतला, प्रशिक्षक म्हणून केनी डॅलग्लिशना आणलं, अ‍ॅलन शिअररला आणलं आणि १४ मे १९९५ ला रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. त्या दिवशी लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर आपण हरलो होतो. पण तिकडे आमच्या पाठोपाठ असलेल्या युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं. सासरे तो दिवस सांगायला लागले की चहा निवतो. कानाला ट्रान्झिस्टर लावलेला एक माणूस त्यांच्या पुढे उभा होता आणि सगळी रांग सामन्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

आता २०१२. ७ मे, सोमवार, विगनविरुद्ध, पाऊस. हरलो तर खाली जाणार हे ठाऊक होतं. कुणीतरी क्लबचा झेंडा पाठीवर बांधलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. आमच्या रांगेत कुणी हसलं नाही. ती बिचारी चिखलात इकडून तिकडे पळत होती. ०-१ हरलो. सासऱ्यांनी मफलर काढला, नीट घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनी हंगामाचं तिकीट घेतलं नाही. आजतागायत नाही.

रोखठोक, हात जोडा म्हणालात. इथल्या लोकांना पैशाबद्दल कृतज्ञता आहे, खरंच आहे. त्यांचं दुखणं वेगळं आहे. विचारायचं कुणाला हेच त्यांना ठाऊक नाही. मालक कुटुंबातलं कुणी वर्षानुवर्षं सामन्याला आलेलं नाही, आणि पत्राला उत्तर आलं तर ते नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्याचं येतं.

खंडोबा_९

ताई, लई भारी लिहिलंसा. ट्रान्झिस्टरवाला माणूस डोळ्यासमोर उभा राहिला.

आमच्या कोल्हापुरात मालक ही भानगडच नाही. क्लब तालमीचा, तालीम पेठेची. पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी तरुण मंडळ असो, पैसा पेठेतल्या माणसांचा. वर्गणी गोळा करणारा माणूस तुमच्याच गल्लीत राहतो, दूध आणायला गेलं की भेटतो. गेल्या साली पैसे कुठं गेले, हे चहाच्या गाड्यावर त्याला उभं करून विचारता येतं. विचारतातही, आणि आवाज चढवून विचारतात! शाहू स्टेडियमवर हरलो तर संध्याकाळी तालमीत बसून त्याचा पण हिशेब होतोय.

हेच त्या ब्लॅकबर्नच्या लोकांना पाहिजे असणार. समोर बसून उत्तर.

रोखठोक

खंडोबा, कोल्हापूरची गोष्ट वेगळी, तिथे २ कोटी पौंडांची तूट नसते.

लँकेशायरताई, तुमच्या सासऱ्यांबद्दल आदर आहे. पण एक विचारतो. जॅक वॉकरनीही पैसाच ओतला. तो मोठेपणा, आणि वेंकीजचा पैसा नुसती चूक? वॉकर गावचे गोरे आणि हे पुण्याचे सावळे, एवढाच फरक तर नाही ना? भारतीय मालक म्हणून ह्यांना जास्त झोडपलं गेलं असं मला तरी वाटतं.

लँकेशायरची_सून

रोखठोक, विचारलंत ते बरं केलंत.

सुरुवातीच्या काळात स्टँडमध्ये काही घाणेरडं ऐकलंय, ते नाकारणार नाही. एकदा मी आणि सासरे दोघंही उठून त्या माणसाला बोललो होतो. पण सगळी नाराजी त्या एका खणात टाकू नका. ह्या गावात भारत-पाकिस्तानातून आलेल्यांची लोकसंख्या मोठी आहे आणि घोषणा देणाऱ्यांत त्यांची पोरंही आहेत. २०२२ मध्ये ईदची नमाज इवूड पार्कच्या मैदानावर झाली, इंग्लंडमधल्या क्लबांत हे पहिल्यांदा घडलं. सासरे ते बघायला मुद्दाम गेले. क्लब गावाचा असला की असं होतं म्हणाले.

वॉकर आणि वेंकीजमधला फरक सांगते. वॉकरना फुटबॉलमधलं कोणाला विचारायचं ते कळत होतं. त्यांनी स्टँड उभे केले, ब्रॉकहॉलला सराव केंद्र आणि अकादमी उभी केली. ते २००० साली गेले, त्या गोष्टी अजून क्लबला पोसताहेत. वेंकीज आले आणि महिन्याभरात, डिसेंबर २०१० मध्ये, प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइसना काढलं. संघ तेव्हा तळाला नव्हता. अनुभवी अध्यक्ष जॉन विल्यम्स फेब्रुवारी २०११ मध्ये गेले. वर्षानुवर्षं क्लब चालवणारी माणसं एकेक करून गेली आणि रोनाल्डिन्हो, बेकहॅमला आणणार अशा बातम्या पेपरात यायला लागल्या.

अंडीवाला

पुरंदर तालुक्यात माझे दोन शेड आहेत. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. पोरगा बघतो, त्याने हा धागा वाचून दाखवला. पण वेंकीजबद्दल चाललंय म्हणून लिहितो.

डॉ. बी. व्ही. रावांचं नाव आमच्या धंद्यात आदराने घेतात. १९७१ मध्ये त्यांनी हॅचरी काढली. त्याआधी कोंबडीपालन म्हणजे परसातल्या चार कोंबड्या. अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचा, आम्ही मान डोलवायची. १९८२ मध्ये एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, झाली आणि भाव शेतकऱ्याच्या हातात आला. 'संडे हो या मंडे' घराघरात गेलं ते त्यातनंच. बीव्ही ३०० कोंबडीवर हजारो घरं उभी आहेत, माझंही. तेव्हा ह्या लोकांना धंदा कळत नाही असं कुणी म्हणू नका.

आता दुसरी बाजू, तीही मनापासून. कोंबडीच्या धंद्यात मालकाने रोज शेडात पाय ठेवावा लागतो. मी पहाटे पाचला आणि रात्री नऊला फेरी मारतो. दार उघडलं की आधी वास घ्यायचा. अमोनिया डोळ्यांना झोंबला तर लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, ओलं आहे. मग आवाज ऐकायचा. पिल्लं चिवचिवत पसरलेली असतील तर ठीक, एका कोपऱ्यात गोळा झाली असतील तर ब्रूडरची, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राची, उष्णता कमी पडते. मरतूक वहीत लिहायची, रोजच्या रोज. हे गड्यावर सोडलं की खाद्य तेवढंच लागतं, औषधाला दुप्पट पैसे जातात, आणि बॅच निघते तेव्हा हातात काही नसतं. पैसा कमी घातला म्हणून बुडालेले मी कमी बघितलेत. फेरी चुकवली म्हणून बुडालेले पुष्कळ.

डॉ. रावांनी हेच शिकवलं असणार. मग इंग्लंडातल्या शेडात फेरी का नाही, एवढंच मला कळत नाही.

बालेवाडी_पूर्व

@अंडीवाला काका, तुमचा प्रतिसाद मी घरच्यांना वाचून दाखवला. मी जे चाचपडत विचारत होतो ते तुम्ही शेडाच्या दारात उभं राहून सांगितलंत.

ताळेबंद

अनुमोदन. काकांची 'मरतूक वही' ब्लॅकबर्नमध्ये नव्हती ह्याची दोन उदाहरणं देतो. जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून लुईस ओब्रायनला घ्यायचं ठरलं, खेळाडू घेण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत आणि लीगने नोंदणी नाकारली. माणूस एकदा चुकतो. पण पुढच्याच हिवाळ्यात, २०२४ मध्ये, डंकन मॅग्वायरच्या बाबतीत पुन्हा कागदांचाच घोळ झाला आणि तो अमेरिकेला परत गेला. लागोपाठ दोन हिवाळे, तोच मुदतीचा शेवटचा दिवस, तीच चूक. ह्यात पैशाच्या कमतरतेचा संबंध नाही. दार उघडून वास घेणारं कुणी नव्हतं, एवढाच अर्थ.

म्हापशेकार

पात्रांव, गोंयच्या माणसाने बोलल्याशिवाय फुटबॉलचा धागा पुरा होत नाही.

आमचे धेंपो, साळगावकर हे खाणमालकांचे क्लब. धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची लीग पाचदा जिंकली, साळगावकरने २०१०-११ ची आय-लीग. मालक इथलेच, मैदानावर दिसायचे, खेळाडूच्या घरी लग्नाला जायचे. पण २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, धेंपोही पडले. महासंघाच्या नव्या रचनेत आपल्याला जागा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मालक कितीही चांगला असला तरी एक दिवस तो पत्रक काढून बाहेर पडू शकतो, आणि त्या दिवशी प्रेक्षकाच्या हातात काही नसतं. माझे वडील फातोर्ड्याच्या मैदानावर तीस वर्षं गेले, त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्ही वेंकीज कसे ह्यावर भांडताय. मला विचाराल तर क्लब एकाच घराच्या मर्जीवर असणं, मूळ दुखणं तेच.

ऑरेंज_आर्मी_माजी

म्हापशेकारांना पूर्ण अनुमोदन. पुण्यात हे दोन-दोनदा बघितलं. ज्याचा सामना धागाकर्त्याने बघितला तो पुणे एफसी बंद झाला. एफसी पुणे सिटी पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीला ड्रम घेऊन जाणारी आम्ही पोरं. एका सकाळी बातमीत कळलं की आता आपला संघ नाही. तो ड्रम अजून माळ्यावर आहे. भाच्याला वाजवायला देतो, विकत नाही.

रोखठोक

हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मग माझाच मुद्दा सिद्ध होतो की! पंधरा वर्षं तोटा भरून वेंकीजनी क्लब बंद पडू दिला नाही. पुण्यातले क्लब बंद पडले, त्यांचा चालू आहे.

ओल्डट्रॅफर्ड_नाशिक

चालू आहे हे खरं. ब्लॅकबर्नपासून जवळच बरी नावाचं गाव आहे. १८८५ चा क्लब, एफए कप दोनदा जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने त्याला बाहेर काढलं. शेवटच्या आठवड्यात लोक झाडू, बादल्या घेऊन स्टेडियम धुवायला गेले होते, सामना होईल ह्या आशेने. पुढे समर्थकांनी मैदान परत मिळवलं, दुफळी मिटवली आणि आता खालच्या लीगमध्ये पुन्हा तो क्लब खेळतोय. त्या लोकांना विचारलं तर वेंकीज चालतील म्हणतील कदाचित.

पण तळ गाठलेल्याशी तुलना करून कुणाला चांगलं ठरवायचं का? माझं मत ह्या धाग्यामुळे बदललं आहे, प्रामाणिकपणे सांगतो.

जुनाखेळाडू

मंडळी, मी वयाने मोठा, सावकाश वाचतो. ती ईडीची काय भानगड आहे? पुण्यातून पैसे जायचे थांबले का?

ताळेबंद

@जुनाखेळाडू काका, परदेशात पाठवलेल्या पैशांबाबत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू झाली. त्यामुळे २०२३ पासून ब्लॅकबर्नला रक्कम पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन परवानगी घ्यावी लागली, बँक हमी देण्याच्या अटीवर. चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, तेवढं सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. पण परिणाम क्लबवर झाला. ज्या घराचा किराणा एकाच माणसाच्या मनीऑर्डरवर चालतो, तिथे पोस्ट बंद पडल्यासारखं झालं.

मग क्लब जगला कशावर? खेळाडू विकून. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, सुमारे १.८ कोटी पौंडांना. त्याच हंगामात चॅम्पियनशिपमध्ये सर्वांत जास्त, २७ गोल करणारा सॅमी स्झमोडिक्स उन्हाळ्यात इप्सविचला गेला. अकादमीचा खेळाडू विकला की त्याची खरेदी किंमत वह्यांत शून्य असते, आलेली सगळी रक्कम नफा दिसते. म्हणून वही सुंदर दिसते आणि संघ उघडा पडतो. त्याआधी सराव केंद्राची जागा मालकांच्याच कंपनीला विकून तोट्याच्या नियमातून वाट काढली होती. ते नियमात बसत होतं, इतर क्लबांनीही तसं केलंय. पण क्लबची जमीन क्लबच्या नावावरून गेली हे खरंच आहे ना.

लँकेशायरची_सून

व्हार्टनबद्दल एक सांगू द्या. तो इथलाच, ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, लहानपणापासून आमच्या अकादमीत. गेला त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात निवडला गेला. माझ्या धाकट्याने त्याचं नाव पाठीवर छापून घेतलं होतं. मी म्हटलं नवा शर्ट घेऊ, तर म्हणाला, "तो आपलाच आहे, नाव राहू दे." जॅक वॉकरनी उभी केलेली अकादमी अजून पोसतेय म्हटलं ते ह्याच अर्थाने. आणि त्याच ब्रॉकहॉलच्या जागेत घरं बांधायची योजना २०२१ मध्ये निघाली होती! लोकांनी कडाडून विरोध केला.

मला सर्वांत जास्त लागलं ते मे २०२५ मध्ये. आमच्या महिला संघाला दुसऱ्या स्तराच्या लीगमधून माघार घ्यायला लावली. लीगच्या अटींप्रमाणे खर्च करायची मालकांची तयारी नव्हती. ताळेबंद म्हणाले ना, महिला संघावरचा खर्च तोट्याच्या नियमात धरत नाहीत? मग नियमाचं कारणही उरत नाही. ज्या मुली तिथे खेळत होत्या त्यांतल्या दोघी माझ्याच बसने सरावाला जायच्या, किटची पिशवी मांडीवर घेऊन.

रोखठोक

महिला संघाचं मला माहीत नव्हतं. ते मला पटलेलं नाही. २० कोटी पौंड घालणाऱ्याने तिथे हात आखडायला नको होता.

इतकं मान्य केल्यावर माझा एकच मुद्दा उरतो. विकायचं तर घेणार कोण? विकत घ्यायला येणाराही बरीतल्या मालकासारखा निघाला तर?

ताळेबंद

रास्त भीती आहे. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. क्लब घेणाऱ्याची ऐपत, पैशाचा उगम आणि योजना तो तपासणार आहे. आधीचे नियम लीगचेच, म्हणजे क्लबांनीच बनवलेले होते.

समर्थकांच्या रोव्हर्स ट्रस्टनेही इवूड पार्कची समाजाच्या मोलाची मालमत्ता म्हणून नोंद करून घेतली होती. तशी नोंद असली की मैदान परस्पर विकता येत नाही, आधी समाजाला बोली लावायला मुदत द्यावी लागते.

खंडोबा_९

म्हणजे पेठेला हक्क मिळाला म्हणा की!

बालेवाडी_पूर्व

मी मूळ प्रश्नाकडे येतो. रास्त आहे का विचारलं होतं. माझं उत्तर आधी 'वाटतं आहे' असं होतं, आता ठाम 'आहे' असं आहे.

शिवाय मला आणखी एक करायचंय. क्लबची नोंदणीकृत मालकी ज्यांच्याकडे आहे ती माणसं माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर बसतात. आपण पुणेकरांनी मिळून एक साधं, नम्र पत्र मराठीत लिहावं. आरोप नकोत, घोषणा नकोत. डॉ. रावांबद्दलचा आदर आधी लिहू, कारण तो आहेच. मग तीन गोष्टी मागू: वर्षातून एकदा समर्थकांसमोर बसा, महिला संघाचा पुन्हा विचार करा, आणि क्लब पुढे कोणाच्या हाती द्यायचा ते समर्थकांना विचारून ठरवा. काका, पत्रात तुमची 'फेरी' घालू का?

अंडीवाला

खुशाल घाला. माझी सही पण घ्या. आमच्या भागातले आणखी चार-पाच पोल्ट्रीवाले सही करतील, त्यांचा मालकांवर राग नाही म्हणूनच करतील.

पोरगा सांगतोय की सप्टेंबरमध्ये तिथे पावसाने सामना थांबला. मैदानाला चर नाहीत का?

लँकेशायरची_सून

काका, २० सप्टेंबरला इप्सविचविरुद्ध. मी होते. १-० पुढे होतो, ८० मिनिटं झाली होती. चेंडू मारला की दोन हात जाऊन पाण्यात थांबायचा, भोवती गोल तरंग उठायचे. पंचांनी चेंडू हातातून खाली सोडून बघितला, तो उडालाच नाही. सामना रद्द. लीगने पहिल्या मिनिटापासून परत खेळायला सांगितलं. लोक छत्र्या मिटून तशीच भिजत निघाली, आणि पाणी कुठे तुंबतं, पूर्वी कुठून निघायचं ह्यावर बसथांब्यापर्यंत बोलत होती. प्रत्येकाला त्या मैदानाचा उतार पाठ आहे.

पत्राला माझी सही आहेच. इंग्रजीतली प्रतही मी करून देईन, इथल्या ट्रस्टच्या लोकांना दाखवेन. सासऱ्यांना रात्री हा सगळा धागा वाचून दाखवला, मराठीतून इंग्रजी करत करत. कोंबड्यांच्या फेरीचं दोनदा वाचायला लावलं.

शनिवारी धाकट्याला घेऊन जातेय. सासरे येणार नाहीत म्हणाले. पण सकाळी कोटातला तो मफलर काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवलाय, पोराच्या गळ्याच्या मापाने दुमडून.